पेट्रोलवर चालणारे लहान इंजिन : विहिरीवर व शेतात घ्यावयाची खबरदारी

विहिरीचे पाणी उपसणे, पिकावर औषध फवारणे, कोळपणी करणे, बांधावरील गवत कापणे अशा अनेक कामांसाठी पेट्रोलवर चालणारी लहान इंजिने आता खेडोपाडी वापरात आहेत. दोन माणसांनी सहज उचलावे एवढ्या वजनाचे हे यंत्र वैरण मागत नाही, फार जागा अडवीत नाही आणि दोरीच्या एका हिसक्यासरशी कामास लागते. परंतु ते लहान आहे म्हणूनच त्याचा धाक कोणास वाटत नाही. डिझेलचे मोठे इंजिन पक्क्या पायावर बसवावे लागते. त्याचे धुराडे बाहेर काढलेले असते. ते चालविणारा माणूसही बहुधा ठरलेला असतो. लहान इंजिन मात्र घरातील कोणीही उचलतो आणि वाटेल तेथे नेऊन सुरू करतो. जेथे इंजिन कधीही नेऊ नये अशा जागी ते नेता येते, हाच त्याचा सर्वांत मोठा धोका होय. अशा जागांत पहिली जागा म्हणजे विहीर. म्हणून या लेखात विहिरीचा विचार प्रथम व विस्ताराने केला असून इंधनाची हाताळणी व इतर बाबी त्यानंतर घेतल्या आहेत.

इंजिन विहिरीत का उतरविले जाते?

काठावर ठेवलेला पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. वस्तुतः पंप पाणी ओढीत नाही. तो नळीतील हवेचा दाब कमी करतो, आणि विहिरीतील पाण्याच्या पृष्ठभागावर पडणारा वातावरणाचा दाब पाण्याला नळीतून वर ढकलतो. समुद्रसपाटीवर हा दाब सुमारे १०.३ मीटर, म्हणजे ३४ फूट उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरू शकतो. त्याहून अधिक नाही. जसजसे आपण उंच प्रदेशात जातो तसतसा वातावरणाचा दाब कमी होतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. तेथे हा स्तंभ ९.७ मीटरच्या आसपास भरतो. त्यातून नळीतील घर्षण, फूटव्हॉल्व्हचा अडथळा आणि सांध्यांतून शिरणारी थोडीफार हवा यांची वजावट करावी लागते. तेव्हा व्यवहारात काठावरील पंपाने ६ ते ७ मीटर, म्हणजे २० ते २३ फूट खोलीवरील पाणी घ्यावे आणि त्यापुढे अपेक्षा ठेवू नये.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. पंपाने पाणी सोडले म्हणजे इंजिनाची शक्ती अपुरी पडली असे समजून अनेक शेतकरी अधिक अश्वशक्तीचे इंजिन आणतात. वर ढकलण्याचे काम वातावरणाचा दाब करीत असल्यामुळे दोन अश्वशक्तीच्या जागी सात अश्वशक्तीचे इंजिन बसविले तरी पाणी खालून वर येण्याची मर्यादा एका वितीनेही वाढत नाही. पंपातून पुढे पाणी किती उंच व किती लांब फेकले जाईल, एवढेच काय ते इंजिनाच्या शक्तीवर अवलंबून असते.

दख्खनच्या कातळातील विहिरींत पावसाळ्यानंतर पाणी वर असते. माघ-फाल्गुनात ते खाली जाऊ लागते आणि ऐन उन्हाळी भुईमुगाच्या अथवा भाजीपाल्याच्या पाण्याच्या वेळी काठावरचा पंप पाणी सोडतो. पीक डोळ्यांसमोर सुकत असते. पंप दहा-पंधरा फूट खाली नेला तर पाणी लागेल, हा शेतकऱ्याचा हिशेब मुळीच चुकीचा नसतो. लहान पंपात इंजिन व पंप एकाच चौकटीवर जोडलेले असल्यामुळे पंप खाली न्यावयाचा म्हणजे इंजिनही खाली न्यावे लागते. मग दोराने ते कपारीवर उतरविले जाते, दोरी ओढण्यासाठी एक माणूस मागोमाग उतरतो आणि पाणी चढले की नाही हे पाहत तेथेच थांबतो. विहिरीतील गाळ काढताना किंवा ती खोल करताना याहूनही वाईट परिस्थिती उद्भवते. कारण झऱ्याचे पाणी उपसण्यासाठी इंजिन आत चालू असते आणि त्याच वेळी तळाशी तीन-चार माणसे खणत असतात.

धुरात काय असते?

पेट्रोल जळताना त्याला पुरेसा प्राणवायू मिळाला नाही म्हणजे त्यातील कर्ब पूर्ण जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. लहान इंजिनांत हवेच्या मानाने पेट्रोल बहुधा थोडे अधिक सोडलेले असते, आणि मोटारगाडीच्या धुराड्यात धूर शुद्ध करणारे जे पात्र बसविलेले असते ते या इंजिनांना बहुधा नसते. त्यामुळे त्यांच्या धुरात या वायूचे प्रमाण शेकडा तीन किंवा त्याहूनही अधिक असू शकते. डिझेल इंजिनाच्या धुरात ते बरेच कमी असते. तथापि तेवढ्यावरून डिझेल इंजिन विहिरीत उतरविणे निर्धोक ठरत नाही.

या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. त्याने डोळे चुरचुरत नाहीत की ठसका लागत नाही. धुराचा जो वास आपल्याला येतो तो इतर द्रव्यांचा असतो, आणि माणसाचे नाक त्याला थोड्याच वेळात सरावते. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन हे द्रव्य फुप्फुसांतून प्राणवायू घेऊन तो सर्व शरीराला पोचविते. कार्बन मोनॉक्साइड या द्रव्याला प्राणवायूपेक्षा दोनशेपट किंवा त्याहूनही अधिक घट्ट चिकटतो. त्यामुळे हवेत तो अगदी अल्प असला तरी हळूहळू रक्तात साठत जातो, आणि श्वास व्यवस्थित चालू असतानाही मेंदूला व हृदयाला प्राणवायू मिळेनासा होतो.

विहिरीत हा वायू किती लवकर साचतो याचा ठोकळ हिशेब करून पाहणे उद्बोधक होईल. सुमारे १६० घनसेंटिमीटरचे चारफेरी इंजिन मिनिटाला ३,६०० फेऱ्यांच्या गतीने भाराखाली चालत असता मिनिटाला साधारणतः २०० लिटर हवा घेते. धुरात शेकडा तीन कार्बन मोनॉक्साइड धरला तर मिनिटाला ६ लिटर, म्हणजे अर्ध्या तासात १८० लिटर वायू बाहेर पडला. विहिरीचा व्यास ५ मीटर आणि पाण्यापासून काठापर्यंतची खोली १० मीटर असेल, तर आत सुमारे १९६ घनमीटर, म्हणजे १,९६,००० लिटर हवा असते. ती बदलली नाही तर अर्ध्या तासाअखेर हवेच्या दर दहा लाख भागांत हा विषारी वायू ९०० भागांहून अधिक होतो आणि चाळीस मिनिटांत १,२०० वर जातो. १,२०० हे प्रमाण जीवास तत्काळ धोका निर्माण करणारे म्हणून धरले जाते. व्यास ३ मीटरच असेल तर अर्ध्या तासातच प्रमाण अडीच हजारांवर पोचते. दहा लाखांत १,६०० भाग असलेल्या हवेत माणसाला वीसेक मिनिटांत डोकेदुखी व घेरी येते आणि एक-दोन तासांत मृत्यू येऊ शकतो. शिवाय वायू सर्वत्र सारखा पसरण्यापूर्वी इंजिनाजवळ तो याहून पुष्कळच दाट असतो, आणि दोरी ओढणारा माणूस नेमका तेथेच उभा असतो.

विहिरीचे तोंड तर वर उघडे आहे, मग धूर निघून का जात नाही, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर असे की, कार्बन मोनॉक्साइड वजनाने जवळजवळ हवेइतकाच असतो. तो चुलीच्या धुराप्रमाणे सरळ वर जात नाही. आतल्या हवेत मिसळून राहतो. त्यातही उन्हाळ्यात दिवसा विहिरीतील हवा गार व जड आणि बाहेरील हवा उष्ण व हलकी असते. जड हवा खाली असल्यामुळे ती जागची हलत नाही. हिवाळ्याच्या रात्री बाहेरची गार हवा विहिरीत उतरून आतली हवा काही प्रमाणात बदलते. वैशाखातल्या दुपारी तसे घडत नाही. म्हणजे ज्या ऋतूत इंजिन खाली नेण्याचा मोह होतो, त्याच ऋतूत विहिरीतील हवा सर्वांत अधिक कोंडलेली असते.

कंदिलाची परीक्षा येथे चालत नाही

जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी दोराने पेटता कंदील खाली सोडून पाहण्याची रीत आपल्याकडे पूर्वापार आहे. कंदील विझला तर आत प्राणवायू कमी आहे असे समजून माणसे उतरत नाहीत. बंद राहिलेल्या आडात पालापाचोळा कुजून प्राणवायू कमी झाला असेल तर ही रीत सूचना देते, आणि तेवढ्यापुरती ती शहाणपणाची आहे. परंतु इंजिनाच्या धुराच्या बाबतीत ती फसवी ठरते. ज्योत विझण्यासाठी हवेतील प्राणवायू शेकडा २१ वरून सुमारे १६-१७ पर्यंत उतरावा लागतो. कार्बन मोनॉक्साइडने माणूस दगावण्यासाठी मात्र शेकड्याचा लहानसा अंशही पुरतो. अर्थात कंदील छान तेवत असताना शेजारचा माणूस कोसळू शकतो. त्यातून विहिरीत पेट्रोल सांडले असेल तर त्याची वाफ तळाशी साचलेली असते, आणि खाली सोडलेला कंदील स्फोटाला निमित्त होतो. ज्या विहिरीत पेट्रोलचे इंजिन चालविले गेले आहे तेथे ज्योत मुळीच सोडू नये.

काही ठिकाणी धुराड्याला लोखंडी नळी अथवा रबरी नळा जोडून धूर काठावर काढण्याची युक्ती करतात. तिच्यावर भिस्त ठेवू नये. इंजिनाच्या हादऱ्यांनी सांधे ढिले होतात, रबर उष्णतेने जळते, लांब नळीमुळे धुराला अडथळा होऊन इंजिन कोंडते व अधिकच विषारी धूर सोडते. आणि सांधा सुटल्याचे आतल्या माणसाला कळण्याचा कोणताही मार्ग नसतो. इंजिन काठावरच राहावे, हाच एक नियम येथे उपयोगाचा आहे. काठावरही ते विहिरीच्या तोंडाशी न ठेवता शक्य तितके दूर व वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवावे, म्हणजे धूर आत उतरणार नाही. विहिरीत माणसे काम करीत असतील तर काठावरील इंजिनाचा धूरही त्यांना बाधू शकतो; सबब पाणी उपसावे, इंजिन बंद करावे, हवा मोकळी होऊ द्यावी आणि मगच माणसे उतरवावीत.

पाणी सात मीटरच्या खाली गेले असेल तर काय करावे? तेव्हा यंत्राचा प्रकारच बदलला पाहिजे. पाण्यात बुडवून चालविण्याचा विजेचा पंप पाण्याला खालून वर ढकलीत असल्यामुळे त्याला वातावरणाच्या दाबाची मर्यादा लागू होत नाही. तो महावितरणच्या विजेवर किंवा सौरपट्ट्यांवर चालू शकतो. वीज नसेल तेथे जनित्र काठावर ठेवून पाण्यातील पंप चालविता येतो. असे करताना तारांची जोडणी जाणकार तंत्र्याकडून करून घ्यावी व पंप चालू असताना पाण्यात कोणीही असू नये. यात खर्च आहे हे खरे. म्हणूनच तो एका शेतकऱ्याला झेपत नसेल तर शेजारच्या दोघातिघांनी मिळून पंप घ्यावा व पाळीपाळीने वापरावा. हा मार्ग पुष्कळदा सुचवूनही फार थोड्या ठिकाणी अवलंबिला जातो, ही दुर्दैवाची गोष्ट होय.

माणूस आत पडला तर

डोके दुखणे, घेरी, मळमळ, गुडघे लुळे पडणे, झापड येणे ही या विषबाधेची लक्षणे होत. ऊन लागले किंवा उपाशीपोटी काम केले म्हणजेही असेच वाटते. त्यामुळे मजूर त्याकडे दुर्लक्ष करतो. पायांतील बळ जाते त्या वेळी बुद्धीही मंद झालेली असते. आपण शिडी चढू शकणार नाही हे माणसाला पहिल्या पायरीवर पाय ठेवल्यानंतरच उमगते. इंजिनाजवळ काम करणाऱ्या कोणाही माणसाचे डोके दुखू लागले तर त्याने कारण शोधीत न बसता प्रथम मोकळ्या हवेत यावे.

यानंतरचा प्रसंग अधिक गंभीर आहे, कारण त्यात एकामागून एक माणसे जातात. खाली भाऊ पडलेला दिसताच काठावरचा भाऊ उडी घेतो. त्याच्या मागे बाप, आणि त्यांच्या मागे हाक ऐकून धावलेला शेजारी. अमेरिकेतील कामगारांच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने १९८६ साली असे नमूद केले होते की, टाक्या, विहिरी यांसारख्या कोंडलेल्या जागी मरण पावलेल्यांत शेकडा साठाहून अधिक माणसे वाचविण्यासाठी आत गेलेली होती. त्याच संस्थेने इतर सरकारी खात्यांसह १९९६ साली पेट्रोलच्या लहान इंजिनांविषयी स्वतंत्र इशारा दिला. गोठा धुण्यासाठी ११ अश्वशक्तीचे यंत्र आत नेऊन चालविणारा एक शेतमालक सुमारे अर्ध्या तासाच्या कामानंतर बेशुद्ध होऊन दगावल्याचे उदाहरण त्यात दिले आहे. तो देश वेगळा, ते गोठे वेगळे. परंतु वायू तोच आहे.

म्हणून विहिरीत पडलेल्या माणसाच्या मागे कोणीही उतरू नये. हे वाक्य लिहिण्यास सोपे व पाळण्यास फार कठीण आहे, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु विषारी हवेत उतरणारा दुसरा माणूस पहिल्याला वर आणू शकत नाही. तो केवळ दुसरा बेशुद्ध माणूस होतो. काठावर राहूनच जे करता येईल ते करावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका व ११२ क्रमांकावर मदत मागवावी आणि विहिरीत विषारी धूर आहे हे पहिल्याच वाक्यात सांगावे, म्हणजे अग्निशमन दलाचे लोक श्वसनाची साधने घेऊन येतील. फवारणीचा हवेचा पंखा, मळणीचा पंखा अथवा विजेवर चालणारा झोतपंखा मिळाल्यास नळीवाटे ताजी हवा तळापर्यंत सोडावी. मात्र पेट्रोलवर चालणारा पंखा असेल तर त्याचा धूरच आत जाणार नाही अशा अंतरावर तो ठेवावा. आत पेट्रोल सांडल्याचा संशय असेल तर विजेचे उपकरण विहिरीत सोडू नये.

यापेक्षा आधी केलेली तयारी अधिक मोलाची ठरते. कोणत्याही कारणाने विहिरीत उतरणाऱ्या माणसाच्या छातीखांद्यांभोवती पट्टा बांधलेला असावा, त्याचा दोर वर कप्पीवरून घेतलेला असावा आणि काठावर दोन माणसे दुसरे काहीही काम न करता त्याच्याकडे लक्ष ठेवून असावीत. असे असले म्हणजे खालचा माणूस बोलेनासा होताच, कोणीही न उतरता, त्याला वर खेचता येते. दोर नुसता कमरेला बांधू नये. बेशुद्ध माणूस त्यातून उलटा होतो. वर आणल्यावर त्याला मोकळ्या हवेत निजवावे, कपडे सैल करावेत, श्वास थांबला असल्यास शिकलेल्या माणसाने कृत्रिम श्वासोच्छ्वास व छातीवर दाब देण्यास आरंभ करावा. तो शुद्धीवर आला, चहा मागू लागला, तरीही दवाखान्यात नेल्यावाचून राहू नये. रक्तातील हा वायू घालविण्यासाठी शुद्ध प्राणवायू द्यावा लागतो आणि त्रास काही दिवसांनीही उद्भवू शकतो. बाधा झालेली स्त्री गरोदर असल्यास हे विशेषच महत्त्वाचे आहे.

घरातही हाच नियम लागू आहे. वीज गेली असता जनित्र ओटीवर, जिन्याखाली किंवा बंद गोठ्यात चालवितात. खिडकी उघडी ठेवणे पुरेसे नाही. जनित्र घराबाहेर, दारे-खिडक्यांपासून दूर असावे. रात्री झोपेत बाधा झाली तर जाग येत नाही.

पेट्रोलची वाफ

रॉकेल हाताळण्याची सवय झालेला माणूस पेट्रोल हाताळताना चुकतो, कारण दोन्ही तेले त्याला सारखीच वाटतात. रॉकेल उघड्या भांड्यात असताना नेहमीच्या तापमानात सहसा भडकत नाही. त्याला वातीची किंवा उष्णतेची मदत लागते. पेट्रोलची वाफ मात्र शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सिअस इतक्या थंडीतही पेट घेण्याइतकी निर्माण होते. आपल्याकडील उन्हात त्याची वाफ सतत उठत असते. ही वाफ हवेच्या तीन ते चारपट जड असल्यामुळे ती वर न जाता जमिनीलगत पसरते आणि दहा-वीस फुटांवरील चूल, देव्हाऱ्यातील निरांजन किंवा विडीपर्यंत जाऊन तेथे पेट घेते. मग ज्वाला उलट डब्याकडे धावते. ज्याने डबा उघडला त्याने काडी ओढलेली नसतानाही आग लागते ती अशी.

तेव्हा चालू किंवा तापलेल्या इंजिनात पेट्रोल कधीही ओतू नये. इंजिन बंद करून निदान पंधरा मिनिटे निवू द्यावे. सायलेन्सरचा पत्रा बराच वेळ तापलेला राहतो. ओतताना पिंप जमिनीवर ठेवावे, चाडी वापरावी, टाकी काठोकाठ भरू नये आणि सांडलेले पुसून वाळल्यावरच दोरी ओढावी. खिशातील विडीकाडी आधीच दूर ठेवावी. पेट्रोल पाण्याच्या बाटलीत ठेवण्याची चाल तर सर्वस्वी सोडली पाहिजे. तहानलेले मूल ती बाटली तोंडाला लावते. त्याचप्रमाणे रॉकेलच्या डब्यात पेट्रोल भरले आणि ते दिव्यात अथवा स्टोव्हमध्ये गेले तर घर पेटल्यावाचून राहत नाही. पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर रॉकेलवर चालविण्याची जी इंजिने आहेत, त्यांच्या मालकांच्या घरी ही दोन्ही तेले शेजारी शेजारी असतात. त्यांनी पेट्रोलचा डबा तांबडा रंगवून कुलपात ठेवावा.

नळीला तोंड लावून पेट्रोल ओढणे ही दुसरी वाईट सवय होय. घशाखाली गेलेल्या पेट्रोलपेक्षा फुप्फुसात गेलेले पेट्रोल अधिक घातक असते. थोडेसे थेंबही फुप्फुसाला दाह करतात. म्हणून पेट्रोल प्यालेल्या माणसाला ओकारी काढण्यास लावू नये, मिठाचे पाणी देऊ नये. तसेच दवाखान्यात न्यावे.

भारतात आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल हवेतील पाणी शोषून घेते आणि जुन्या इंजिनांतील काही प्रकारच्या रबरी नळ्या व वायसर त्याने फुगतात किंवा मऊ पडतात. चार-सहा महिने पडून राहिलेले इंजिन काढल्यावर प्रथम तेलाची नळी वाकवून पाहावी. भेग दिसली अथवा बोटाला ओल लागली तर नळी बदलल्याशिवाय ते सुरू करू नये. हंगाम संपताच टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवले म्हणजे हा त्रास बराच टळतो व पुढील वर्षी प्लग काढून पुसत बसावे लागत नाही.

पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग पसरते. इंजिनाशेजारी कोरड्या वाळूच्या अथवा मातीच्या दोन बादल्या भरून ठेवाव्यात व तेलाचा कॉक कोठे आहे हे घरातील सर्वांना दाखवून ठेवावे. कपडे पेटले तर धावू नये, जमिनीवर लोळावे. भाजलेल्या भागावर वीस मिनिटेपर्यंत स्वच्छ गार पाण्याची धार धरावी. हळद, शाई, दातांची पेस्ट यांपैकी काहीही लावू नये.

चालविताना

इंजिन सपाट जागेवर ठेवावे. लहान इंजिनात तळातील ऑइल उडवून भागांना पोचविण्याची योजना असल्यामुळे ते तिरपे ठेवले तर ऑइल पोचत नाही व इंजिन आवळते. भोवती कडबा, उसाचे पाचट किंवा भुसा नसावा. पट्ट्यावर जाळी असावी. धोतराचा सोगा, पदर, उपरणे, सुटे केस यांना फिरत्या चाकाजवळ जागा नाही. पट्ट्याला कापड अडकल्यापासून हात ओढला जाईपर्यंत माणसाला विचार करण्याइतकाही वेळ मिळत नाही. गती वाढविण्यासाठी गव्हर्नरची स्प्रिंग ताणू नये.

कोळपणी यंत्राच्या पात्यांत पऱ्हाटी किंवा हरळी गुंतली तर इंजिन बंद करणे पुरेसे नाही. प्लगची तारही काढून बाजूला ठेवावी. या इंजिनांत ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. चाक फिरले की मॅग्नेटोतून ठिणगी पडते. पाते हाताने फिरविताना चाक फिरले, तर बंद असलेले इंजिन एखादा ठोका देऊ शकते, आणि बोटे जाण्यास तो एकच ठोका पुरतो.

गवत कापणारी व पाठीवर घेण्याची काही यंत्रे दोनफेरी असतात. त्यांच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते. प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत पाहावे. पन्नासास एक म्हटले असेल तर लिटरला २० मिलिलिटर, पंचवीसास एक असेल तर ४० मिलिलिटर. चारफेरी इंजिनात असे मिश्रण घालू नये. पाठीवरच्या यंत्रात पेट्रोल भरताना ते खाली उतरविल्याशिवाय झाकण उघडू नये, हे वेगळे सांगावयास नको. तरीही घाईत तसे केले जाते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी एक सूचना आहे. गावात सभा घेऊन वरील गोष्टी सांगणे चांगलेच. परंतु पाणी खाली जाऊ लागल्यावर सांगितलेले कानांवरून जाते, कारण त्या वेळी शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर फक्त पीक असते. मार्गशीर्ष-पौषात, पाणी वर असतानाच, ज्यांच्याकडे लहान इंजिन आहे अशांच्या विहिरींवर जावे. काठावरील पंपाच्या मध्यापासून ओळंबा सोडून सरळ खाली सहा मीटर मोजावेत. सहा मीटरची जागा पाण्याखाली असेल तर पाणी उतरेपर्यंत थांबून पुन्हा एक फेरी करावी. त्या ठिकाणी विहिरीच्या भिंतीवर तांबडा आडवा पट्टा काढावा. तो काढताना माणूस उतरवावा लागला तर इंजिन बंद ठेवून व वर सांगितल्याप्रमाणे पट्टा-दोर बांधूनच उतरवावा. पाणी त्या पट्ट्याच्या खाली गेले म्हणजे काठावरच्या पंपाचे दिवस संपत आले असे शेतकऱ्याला दुरूनच दिसते, आणि दुसऱ्या पंपाची सोय पाहण्यास त्याच्या हाती काही आठवडे उरतात. पट्ट्यासाठी चुना न वापरता तेलरंग घ्यावा. चुना एका पावसाळ्यात धुऊन जातो.